मूळ ओळ आणि तिच्याखालची टीप

१९८८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत जे प्रचंड मोर्चे निघाले, ते एका पुस्तकाच्या परिशिष्टावरून. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा चौथा इंग्रजी खंड १९८७ साली प्रसिद्ध केला होता. 'रिडल्स इन हिंदुइझम' हे बाबासाहेबांच्या हयातीत छापून न आलेले हस्तलिखित त्यात होते, आणि संपादनाची जबाबदारी होती नागपूरच्या वसंत मून यांच्याकडे. राम आणि कृष्ण यांच्यासंबंधीच्या परिशिष्टावर शिवसेना व इतर काही संघटनांनी आक्षेप घेतला. शंकरराव चव्हाणांच्या सरकारने ते वगळायचे ठरवले. त्यावर आंबेडकरी समाज लाखोंच्या संख्येने रस्त्यावर उतरला. अखेर परिशिष्ट जागच्या जागी राहिले आणि त्याला एक छोटीशी टीप जोडली गेली. या मतांशी शासन सहमत नाही, इतकाच तिचा आशय.

त्या टीपेकडे कोणी संपादनाचा नमुना म्हणून पाहत नाही. कोंडीत सापडलेल्या सरकारने स्वतःची मान सोडवून घेतली, असेच तिच्याबद्दल बोलले जाते, आणि ते खोटेही नाही. तरी या संग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली. जुन्या ग्रंथांतले आजच्या वाचकाला खुपणारे शब्द, प्रसंग, मते काढावीत की ठेवावीत, यावर जगभर जो वाद चालला आहे, त्याचे एक बऱ्यापैकी उत्तर आपल्याकडे सरकारी छापखान्यात नाइलाजाने छापले गेले आहे. मूळ मजकुराला हात लागला नाही. ज्याला तो पटला नाही, त्याने तसे स्वतःच्या नावाने खाली लिहिले. वाचकाला दोन्ही दिसतात.

चंद्रपूरकरांना हा खंड परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले, बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या समारंभाला. दर ऑक्टोबरात इथल्या दीक्षाभूमीवर माणसांचा पूर येतो आणि त्याच्याबरोबर पुस्तकांची दुकानेही येतात. डोक्यावर गाठोडे घेऊन आलेली बाई परतताना पिशवीत पुस्तक घालून नेते, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना 'सामान्य वाचकाला काय झेपेल' ही शहरी काळजी जरा हास्यास्पदच वाटेल. त्या वाचकांची अडचण निराळीच आहे. पुस्तक मिळतच नाही, ही. बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. पुस्तकावर बंदी घातली की बातमी होते. पुस्तक नुसते संपू दिले, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा लेखसंग्रह ऊर्जानगर, दुर्गापूर आणि आसपासच्या वाचकांनी लिहिला आहे. वीज केंद्राची ही वसाहत म्हणजे महाराष्ट्राची खिचडी. कोकणातून आलेला अभियंता, मराठवाड्यातली शिक्षिका, भद्रावतीचा लिपिक आणि पिढ्यान् पिढ्या इथलाच असलेला गोंड कामगार एकाच रांगेतल्या क्वार्टरांत राहतात. बिबट्या फिरतो आहे अशी सूचना आली की संध्याकाळी सगळे घरात बसतात, आणि वाद घालायला त्याहून चांगली वेळ नाही. वादाला तोंड फुटले २०२३ च्या फेब्रुवारीत. रोआल्ड डाल या इंग्रजी बाललेखकाच्या पुस्तकांत पफिन प्रकाशनाने शेकडो ठिकाणी बदल केल्याची बातमी आली होती. जाड मुलाला जाड म्हणणारा शब्द काढून नुसता 'अवाढव्य' ठेवला, असे ते बदल. ओरड झाली, तेव्हा जुन्या रूपातल्या आवृत्त्याही निघतील असे प्रकाशकांनी जाहीर केले. त्यापूर्वी, २०११ साली, अमेरिकेत मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'ची अशी आवृत्ती निघाली होती, की तिच्यात काळ्या माणसाला हिणवणारा दोनशेहून अधिक वेळा आलेला शब्द बदलून त्याजागी 'गुलाम' घातला होता.

डालच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'त कारखान्यात राबणारे बुटके मजूर १९६४ च्या आवृत्तीत आफ्रिकेतून आणलेले दाखवले होते. त्यावर टीका झाली, तेव्हा डालने १९७३ मध्ये स्वतः ते चित्र बदलले. लेखकाने हयातीत केलेला बदल आणि त्याच्या मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांनी कंपनीने केलेला बदल यांना एकाच तागडीत टाकता येत नाही. पहिल्यात माणूस स्वतःशी भांडतो. दुसऱ्यात भांडायला कोणी उरलेलेच नसते.

पण परदेशातले पुरे. आपल्या घरात काय आहे?

'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात एका म्हाताऱ्या महार बाईचा प्रसंग आहे. तिची लाकडाची मोळी खाली पडली आहे आणि कोणी ती उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. आज हे वाचताना त्या आंघोळीपाशी घशात आवंढा येतो. वर्गात हा धडा शिकवणाऱ्या शिक्षिकेला वाटणारच की ते एक वाक्य गाळावे. मोळी राहू द्यावी, दया राहू द्यावी, आंघोळ तेवढी काढून टाकावी. आई स्वच्छ होईल, मुलांपुढे ठेवायला सोपी होईल.

ते वाक्य गाळले की काय जाते ते पाहा. कोकणातली एक धर्मभीरू बाई विटाळ मानत असूनही माणुसकी सोडत नाही. रूढीच्या भिंतीला ती तिच्यापरीने खिडकी पाडते, पण भिंत तशीच उभी असते. तिच्या मुलाला पुढे त्या खिडकीवर समाधान मानता आले नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, दहा दिवस. आंघोळ सांगणारी आई आणि उपोषणाला बसलेला मुलगा यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेवढाच एका पिढीचा नैतिक प्रवास. आंघोळ पुसली तर मुलगा निघाला कुठून हेच कळणार नाही, मग पोचला कुठे याचे मोल कोण करणार? आणि हे केवळ तर्कटही नाही. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क साठ वर्षांनी, २०१० अखेर संपला. आता कोणीही 'श्यामची आई' छापू शकतो, संक्षिप्त करू शकतो, सचित्र करू शकतो, आणि कोणत्या आवृत्तीतून काय गळले हे तपासायला कोणी बसलेले नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ज्याच्या जातीला शिव्या आहेत त्याला विचारा, मग जुने शब्द जपायच्या गप्पा मारा. बरोबर आहे. म्हणून ज्याने या शिव्या सोसल्या आणि त्यांच्याशी उभा दावा मांडला, त्यानेच काय केले ते पाहू. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. अनेकांना वाटते की ग्रंथाविरुद्ध याहून टोकाचे पाऊल असूच शकत नाही. पण ते दहन जाहीर होते. सर्वांसमोर, नावानिशी, कारणे देऊन. ग्रंथ जगातून नाहीसा व्हावा हा त्याचा हेतू नव्हता. त्याची सत्ता नाहीशी व्हावी हा होता. पुढे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात त्याच मनूची वचने पानोपानी उतरवली आणि एकेकाची चिरफाड केली. मनुस्मृतीची सौम्य, सुधारित, शाळकरी आवृत्ती काढावी असे त्यांना कधी सुचले नाही. अशी आवृत्ती कोणाच्या सोयीची झाली असती? ज्यांना 'तसे काही लिहिलेलेच नाही' असे म्हणायचे आहे त्यांच्याच. अन्यायाचे दस्तऐवज गुळगुळीत केले की पहिला फायदा अन्याय करणाऱ्याला होतो.

जिवंत व्यवहार मात्र वेगळा. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पत्त्यात माणूस राहतो. त्याला रोज पोस्टमनच्या तोंडून आपली जात ऐकायला लावण्याचा अधिकार कोणाला नाही. पण म्हणून जुन्या कादंबरीतल्या, जुन्या गॅझेटियरमधल्या वस्तीचे नाव बदलायचे नाही. चांद्याचे चंद्रपूर झाले, म्हणून इंग्रजी अमदानीतल्या कागदांवरचा 'चांदा' खोडायला आपण गेलो नाही.

आता थोडे मागे जाऊ, विदर्भातच. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर रिद्धपूरला म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याला विचारून. तेराव्या शतकाच्या अखेरचे ते 'लीळाचरित्र'. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी स्मरणातून पुन्हा पाठ सिद्ध केले. स्मरण म्हटले की फरक आलाच. आठवण जुळेना तेव्हा महानुभावांच्या लेखकांनी काय केले? त्यांनी एक पाठ खरा मानून बाकीचे फेकले नाहीत. अमक्याची आठवण अशी आहे, तमक्याची तशी, हे पोथीतच नोंदवले. या पाठभेदाला ते 'वासना' म्हणतात, आणि ती कोणाची तेही नावासकट सांगतात. आजच्या विद्यापीठात ज्याला चिकित्सक संपादन म्हणतात, त्याचा सगळा सचोटीचा भाग इतक्या जुन्या काळी एका पंथाच्या पोथ्यांत आहे, याचा मला तरी हेवा वाटतो.

त्याच ग्रंथाची आधुनिक कहाणी इतकी सुखाची नाही. डॉ. वि. भि. कोलत्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली छापले. त्यातल्या काही लीळांवर पंथीयांनी आक्षेप घेतला आणि मामला न्यायालयापर्यंत गेला. आक्षेप घेणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. शतकानुशतके सांकेतिक लिपीत जपलेला श्रद्धाग्रंथ अचानक सरकारी दुकानात विकायला आला, तर मनाला ओरखडा उठणे साहजिक आहे. पण त्यांच्याच पूर्वजांनी या पेचातून वाट काढून ठेवली होती. न पटणारी लीळा ठेवा, आणि आपली वासना शेजारी नोंदवा.

एकनाथांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकलाकारांनी घातलेली भर आणि चुका निवडून काढल्या. यापुढे या ग्रंथात आपली ओवी घुसडेल तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवेल, असा इशाराही दिला. हेतू इतका निर्मळ, माणूस इतका अधिकारी. तरीही काय काढले आणि काय बदलले याची यादी त्यांनी ठेवली नाही. १९०९ साली राजवाड्यांनी वेगळी संहिता छापली, ती नाथांच्या आधीची असल्याचा दावा केला, आणि तेव्हापासून अभ्यासकांचा वाद काही मिटलेला नाही. नाथांसारख्याच्याही मागे हे सुटते, तर एखाद्या प्रकाशनाच्या कार्यालयात बसून घाईघाईने 'आक्षेपार्ह' शब्द शोधणाऱ्याचे काय सांगावे?

झाडीपट्टीतला वाचक या ठिकाणी मला अडवेल. तो म्हणेल, आमच्याकडे संहिता-बिंहिता कोण मानतो? दिवाळीनंतर धान निघाले की वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. मंडई असते, शंकरपट असतो, आणि रात्रभर नाटक. जुने संगीत नाटक इथे आले की त्याची पदे कमी होतात, विनोद वाढतो, मध्येच नाच घुसतो, आणि गावातल्या सरपंचाचे नाव खलनायकाच्या तोंडी येते. दंडार आणि खडी गंमत तर मुळातच रोज नव्याने घडतात. हा सगळा फेरफारच की! या संग्रहातला झाडीपट्टीवरचा लेख नेमके हेच म्हणतो, आणि त्याने मला माझी भूमिका नीट घासून घ्यायला लावली. बदल हा गुन्हा नाही. मौखिक परंपरा बदलानेच जगते. पण तिथे बदल समोरासमोर होतो. काल शेजारच्या गावात नाटक पाहिलेला प्रेक्षक आज पुढच्या रांगेत बसलेला असतो, आणि आवडले नाही तर ओरडतो. नटाला लपायला जागा नाही. छापील पुस्तकात बदल करणारा मात्र दिसत नाही. वाचकाला जुनी प्रत ठाऊक नसते, आणि नवी प्रत लेखकाच्याच नावाने बोलते.

याचा सगळ्यांत कडू अनुभव याच जंगलांतल्या लोकांना आला आहे. गोंडांचा पूर्वपुरुष लिंगो याची गाथा त्यांचे गायक, परधान, गात आले. एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ती एका परधानाकडून उतरवून घेतली. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले, आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे कागद १८६६ साली छापले. पुढे कॅप्टन फोर्सिथ यांनी १८७१ च्या आपल्या पुस्तकात तीच गाथा आटोपशीर करून अमेरिकी कवी लाँगफेलोच्या 'हायवाथा'च्या वृत्तात बसवली. लंडनच्या दिवाणखान्यात ती छान वाजली असेल. पण गाणाऱ्या परधानाचा सूर, त्याच्या तालावरची पुनरुक्ती, श्रोत्यांची साद, यांतले काय उरले? आज गडचिरोलीतला एखादा गोंड तरुण ग्रंथालयात आपल्या पूर्वपुरुषाची कथा शोधतो, तेव्हा आधी इंग्रज अधिकाऱ्याची अभिरुची ओलांडून त्याला तिथे जावे लागते. 'आधुनिक वाचकासाठी' हे शब्द ऐकले की मला हा तरुण आठवतो. फोर्सिथचे वाचकही त्या काळचे आधुनिकच होते.

नाटकांवरच्या परिनिरीक्षणाबद्दल या संग्रहात दोन लेख आहेत, म्हणून मी थोडक्यात आटोपतो. तेंडुलकरांच्या 'गिधाडे'तला साडीवरचा रक्ताचा डाग परिनिरीक्षण मंडळाला सोसवेना, तेव्हा नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितले की हा निळा डाग लाल समजावा. सांगून बदल केला की बदलच हास्यास्पद ठरतो, याचे यापेक्षा चांगले प्रात्यक्षिक मराठी रंगभूमीने दिलेले नाही.

माझे म्हणणे साधे आहे, आणि ते प्रकाशकांना उद्देशून आहे. मुलांसाठी पुस्तक लहान करा, सोपे करा, चित्रे घाला. मात्र मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' लिहा, आतल्या पानावर संक्षेप करणाऱ्याचे नाव आणि साल द्या, कोणत्या प्रकारचा मजकूर वगळला ते चार ओळींत सांगा, आणि कोणत्या मूळ आवृत्तीवरून काम केले तेही. एक पान लागते. शब्द जातिवाचक असेल, बाईला तुच्छ लेखणारा असेल, तर तो राहू द्या आणि टीप द्या. टीप मिळमिळीत नको, रोखठोक असू द्या. जुन्या लेखकाचा आदर म्हणजे त्याच्यापुढे गप्प बसणे असे थोडेच आहे?

संग्रहातल्या एका लेखिकेला हे मान्य नाही. त्या इथल्याच एका शाळेत शिकवतात. टीप शिक्षक वाचतो, शब्द मात्र अख्खा वर्ग ऐकतो, असे त्या म्हणतात. धडा मोठ्याने वाचला जातो, तो एक शब्द येतो, आणि चाळीस मुले वळून एकाच बाकाकडे पाहतात. त्या बाकावरच्या मुलाला आपण कोणती तळटीप देणार, हा त्यांचा प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकात असा उतारा घेऊच नये, दुसरा घ्यावा, असे त्यांचे मत आहे. पण घेतलाच तर शब्द बदलून घ्यावा, असेही त्या पुढे म्हणतात. पहिली गोष्ट मला पटते. निवड करणे म्हणजे कापणे नव्हे, आणि बारा वर्षांच्या मुलासाठी मराठीत उताऱ्यांचा दुष्काळ नाही. दुसरी पटत नाही. शब्द बदलला की ती चाळीस मुले वळून पाहायची थांबतील खरी, पण बाहेर पानटपरीवर तोच शब्द त्यांना भेटेल, आणि तो कुठून आला, किती जुना आहे, कोणी कोणाला म्हणत असे, हे त्यांना वर्गात कोणी सांगितलेले नसेल. यावर त्यांचे उत्तर असे, की हे सांगण्याइतकी तयारी असलेले शिक्षक तुम्ही मला मोजून दाखवा. मला ते मोजून दाखवता आलेले नाहीत.

त्यांच्या लेखातली काही वाक्ये मला फार तिखट वाटली, दोन ठिकाणी तर माझ्यावर अन्याय करणारीही. लेख आला तसा छापला आहे. माझे म्हणणे वर मांडले आहे, आणि त्यावर त्यांना काही लिहायचे झाल्यास दुसऱ्या आवृत्तीत ते या प्रस्तावनेखालीच छापायचे, असे आमचे ठरले आहे.